सौरऊर्जेचे अनुदान छपराला की माणसाला?

७५ वॅटचा साधा छताचा पंखा दिवसाचे १२ तास फिरला, तर महिन्याकाठी सुमारे २७ युनिट वीज लागते. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकाला मिळणारा सर्वांत स्वस्त वीजदर महिन्याला ३० युनिटपर्यंतच्या वापरासाठी आहे. म्हणजे एक पंखा फिरवल्यावर दिवे, मोबाइल आणि घरातल्या बाकी साऱ्या गरजांसाठी तीन युनिट उरतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालची खोली रात्री अकरा वाजताही निवत नाही. अशा वेळी या हिशेबाचा अर्थ फार सरळ होतो: स्वस्त दर टिकवायचा असेल तर पंखा बंद करून झोपावे लागते. आमच्याकडे विडी वळणाऱ्या एका मावशींनी मला हे वेगळ्या शब्दांत सांगितले होते. उन्हाळ्यात आपण अंगण धुऊन, तिथे गोधडी टाकून पडतो, पंखा फक्त नातवासाठी लावतो, असे त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता, आणि मला तेच अधिक लागले.

सौरऊर्जेसाठी सरकारने गरिबांवर पैसा खर्च करावा की नाही, या प्रश्नाची चर्चा मला या पंख्यापासून सुरू करावीशी वाटते. हवामानबदल, कोळशाची बचत, देशाचे ऊर्जास्वावलंबन ही कारणे खरीच आहेत. परंतु ज्या घरात विजेचा वापर मुळातच इतका कमी आहे, त्या घराला वीज वाचवण्याचे धडे देण्यात अर्थ नाही. त्याला थोडी अधिक वीज, परवडेल अशा खर्चात हवी आहे. सोलापूरच्या उन्हात एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. ३० युनिटांच्या कुंपणात राहणाऱ्या कुटुंबासाठी ही चौपट वीज आहे. दिवसाची जादा वीज ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांच्या जाळ्याला, दिली की तिची वजावट रात्रीच्या वापरातून मिळते. म्हणून तिच्यावर पंखा रात्रभर फिरेल, लहानसा कूलर चालेल, मुलांना परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत दिवा मिळेल, आणि तरीही काही युनिट महावितरणच्या खात्यात जमा होतील.

सरकारने या दिशेने काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’साठी केंद्राने ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. टक्केवारीने पाहिले तर छोट्या संचाला झुकते माप आहे, हे मान्य करायला हवे. पण रुपयांनी पाहिले तर चित्र वेगळे दिसते. जुळे सोलापुरातल्या ज्या बंगल्याच्या गच्चीवर तीन किलोवॅटचा संच बसतो, त्या बंगल्याला सरकारी तिजोरीतून ७८,००० रुपये मिळतात. दोन खोल्यांच्या घराला ३०,००० मिळतात, तेही वरचे २०,००० रुपये आधी उभे केले तर. आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराला काहीच मिळत नाही.

वरच्या २०,००० रुपयांची अडचण राज्य सरकारने ओळखली, आणि त्यासाठी २०२५ साली आणलेली ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’ योजना, जिला ‘स्मार्ट’ म्हणतात, ती मला अलीकडच्या काळातली सर्वांत योग्य दिशेची योजना वाटते. दारिद्र्यरेषेखालील १ लाख ५४ हजार आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणारे ३ लाख ४५ हजार अशा पाच लाख ग्राहकांना एक किलोवॅटचा संच देण्यासाठी राज्याने दोन वर्षांकरिता ६५५ कोटी रुपये ठेवले. केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये आले की ५०,००० रुपयांच्या संचासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २,५०० रुपयेच भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला ५,००० आणि इतर अल्प वापर असलेल्या ग्राहकाला १०,००० रुपये भरावे लागतात. ९५ टक्के भार सरकारने उचलावा हे काहींना अति वाटेल. पण याच राज्यात शेतकऱ्याला सौर कृषिपंप १० टक्के रक्कम भरून मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्क्यांत मिळतो, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही, म्हणूही नये. शेतीला जे तत्त्व लागू आहे ते घराला लागू व्हायला इतकी वर्षे का लागावीत, हे मात्र विचारायला हवे.

असे असूनही ही योजना जिथे अडते तिथेच माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. आजचे सगळे अनुदान छपराच्या मागे जाते, माणसाच्या मागे जात नाही. संच बसवायला स्वतःचे छप्पर हवे, ते पक्के हवे, त्यावर एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा हवी, मीटर स्वतःच्या नावावर हवे आणि त्यावर थकबाकी नको. या अटी लिहिणाऱ्याला त्या साध्या वाटल्या असतील. सोलापुरातल्या एखाद्या झोपडपट्टीत किंवा पूर्व भागातल्या जुन्या वस्तीत फिरून आलो, तर प्रत्येक अट एकेका घराला बाहेर काढत जाते.

छपराचेच घ्या. पत्र्याचे घर असेल तर पत्रा खिळ्यांवर आणि वर ठेवलेल्या दगडांवर टिकलेला असतो. वळवाच्या पहिल्या वावटळीत दरवर्षी कुठले ना कुठले पत्रे उडतात आणि माणसे जखमी होतात. अशा पत्र्यावर पॅनेल बसवणे म्हणजे वाऱ्याच्या हाती शिडासारखी वस्तू देणे होय. जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शहराच्या जुन्या भागांत अजून माळवदाची घरे आहेत. लाकडी तुळयांवर मातीचा थर असलेले हे छप्पर उन्हाळ्यात गारवा देते, पण त्यात सांगाड्याचे पाय रोवले की पावसाळ्यात पाणी झिरपते आणि घरच धोक्यात येते. योजनेचा फायदा घ्यायचा तर आधी स्लॅब टाका, असे त्या कुटुंबाला सांगण्याला काही अर्थ नाही.

मीटरच्या नावाचा प्रश्न तर घरोघरचा आहे. मीटर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, घरपट्टीची पावती थोरल्या दिराच्या नावावर आणि प्रत्यक्ष राहणारी बाई विधवा, असे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. नाव बदलण्यासाठी वारसांचे ना-हरकत पत्र लागते, आणि त्यासाठी भावकीतला वीस वर्षांचा वाद आधी मिटावा लागतो. भाडेकरूचे दुखणे याहून मोठे आहे. चाळीत एका मीटरवरून पाच खोल्यांना वीज दिलेली असते आणि मालक ठरवील तो दर युनिटमागे द्यावा लागतो. त्यामुळे कमी वापराच्या स्वस्त दराचा लाभ या भाडेकरूंपर्यंत पोहोचतच नाही. पाच खोल्यांचा वापर एकाच मीटरवर जमा झाल्याने बिल महागड्या टप्प्यात जाते. शहरातला सर्वांत महाग विजेचा युनिट अनेकदा सर्वांत गरीब माणूस विकत घेत असतो. शिवाय अशा योजनांत जो प्रथम अर्ज करील त्याला प्रथम लाभ, असे धोरण ठेवले की कागदपत्रे तयार असणारा, मोबाइलवर अर्ज भरता येणारा माणूसच पुढे राहतो, हे वेगळे सांगायला नको.

आता ज्यांना छप्पर मिळाले आहे त्यांच्याकडे पाहू, कारण सोलापूरने कामगारांच्या घरांच्या बाबतीत देशाला दाखवावे असे काम केले आहे. कुंभारीला विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत १०,००० घरांची आहे. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर वसाहत उभी राहिली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आल्या. इतक्या मोठ्या संख्येने कष्टकऱ्यांची पक्की घरे एका जागी असणे ही सौरऊर्जेसाठी मोठीच संधी आहे. पण तिथेही ‘एक घर, एक छप्पर, एक संच’ हा आराखडा तोकडा पडतो. ३०० चौरस फुटांचे घर आणि तीन मजल्यांची इमारत धरली, तर गच्चीचा एका घराच्या वाट्याला येणारा तुकडा १०० चौरस फुटांचा असतो. त्यातून पाण्याच्या टाक्या, जिन्याचे डोके आणि पॅनेल पुसण्यासाठी ये-जा करायची वाट वजा केली की किलोवॅटभर जागाही उरत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने गच्ची आपली म्हणावी आणि तळमजल्यावरच्याने पाहत राहावे, असे होणार असेल तर सरकारी पैशाने शेजाऱ्यांत भांडण विकत घेतल्यासारखे होईल.

यावरचा उपाय नवा नाही आणि तो तंत्रज्ञानाने अवघडही नाही. संच घरावर असण्याची गरज नाही. त्यातली वीज ग्राहकाच्या बिलात जमा झाली म्हणजे पुरे. एखाद्या सार्वजनिक छपरावर किंवा माळरानावर सामाईक प्रकल्प उभारायचा, त्यात ठरावीक कुटुंबांचा प्रत्येकी एक किलोवॅटचा वाटा धरायचा, आणि महिन्याला जितकी वीज तयार होईल तितके युनिट वाट्याप्रमाणे त्यांच्या बिलातून वजा करायचे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने अशा आभासी नेट मीटरिंगची चौकट २०१९ सालीच घालून दिली. गुजरातमध्ये मोढेरा गाव २०२२ साली पूर्णपणे सौर गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा तिथेही १,३०० घरांवरच्या छोट्या संचांना जमिनीवरच्या सहा मेगावॅट प्रकल्पाची जोड होती. निव्वळ घरांच्या छपरांवर ते गाव उभे राहिलेले नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात मान्याचीवाडी हे राज्यातले पहिले सौरग्राम झाले, त्याचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण शंभरेक घरांचे, एकोप्याने चालणारे गाव आणि लाखो वस्तीचे, भाडेकरूंनी भरलेले शहर यांना एकच साचा चालणार नाही.

सोलापुरात जागा नाही असे तर कोणी म्हणू शकणार नाही. बाजार समितीत जिथे कांद्याचे लिलाव होतात तिथली शेड, एसटीची आगारे, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा, पाण्याच्या टाक्यांखालची आणि पंपगृहांभोवतीची जमीन, ही सारी छपरे आणि मोकळ्या जागा जनतेच्याच आहेत. आणि जिल्ह्यात मैलोगणती माळ पसरला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली शेतीला दिवसा वीज देण्यासाठी गायरानांवर प्रकल्प उभे राहतच आहेत. त्याच धर्तीवर शहरी गरिबांसाठी वाहिनी का नसावी?

पैशाचा हिशेब करू. एक मेगावॅट म्हणजे १,००० किलोवॅट, म्हणजे १,००० कुटुंबांचा वाटा. त्याला साधारण चार एकर जमीन लागते. प्रत्येक दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला छपरासाठी जे ४७,५०० रुपये केंद्र आणि राज्य मिळून आज द्यायला तयार आहेत, ते एकत्र केले तर पावणेपाच कोटी रुपये होतात. एक मेगावॅटचा प्रकल्प एका जागी उभारायला हजार छपरांवर हजार सांगाडे चढवण्यापेक्षा कमी खर्च येतो, कारण सांगाडा, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र), वायरिंग आणि मजुरी यांची पुनरावृत्ती टळते. मोठ्या प्रकल्पांची वीज किती स्वस्त पडते हे २०१७ साली राजस्थानातल्या भडला सौर उद्यानाच्या लिलावातच दिसले होते. तिथे युनिटला २ रुपये ४४ पैसे इतका दर आला होता. म्हणजे नवा पैसा मागण्याची वेळच येत नाही. मंजूर असलेला पैसा कुठे लावायचा याचा नियम तेवढा बदलावा लागेल, आणि वाटा बिलात वळता करण्याला वीज नियामक आयोगाची स्पष्ट संमती घ्यावी लागेल.

या प्रस्तावावर सर्वांत गंभीर आक्षेप महावितरणच्या आर्थिक प्रकृतीचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आधीच तोट्याची ओरड असलेल्या कंपनीचे ग्राहक आणखी कमी केले तर तिचे कसे व्हायचे, असे विचारले जाते. पण ग्राहक कोणता, हे इथे पाहायला हवे. जास्त वापर करणारा, वरच्या टप्प्याचा दर भरणारा ग्राहक सौरऊर्जेकडे वळला की महावितरण आपला सर्वांत चांगला गिऱ्हाईक गमावते. आणि त्याच्या जादा दरातून गरिबांच्या स्वस्त दराची जी भरपाई होत होती, ती आटते. याउलट दारिद्र्यरेषेखालील आणि अत्यल्प वापराच्या ग्राहकाला वीज पुरवताना कंपनीला सरासरी खर्चाइतकीही वसुली होत नाही. अशा ग्राहकाच्या गरजेचा मोठा भाग सूर्याने भागवला तर कंपनीवरचा आणि पर्यायाने इतर ग्राहकांवरचा भार हलका होतो. संध्याकाळी सातनंतर त्यालाही वीज ग्रिडमधूनच द्यावी लागेल आणि ती वेळ महाग विजेची असते, म्हणून हा फायदा पूर्ण रुपयाचा नाही, हे खरे. तरीही सरकारी अनुदानाचा एक रुपया बंगल्याच्या गच्चीवर खर्च केला तर दरांची घडी विसकटते आणि विडी कामगाराच्या बिलावर खर्च केला तर ती सावरते, एवढा फरक त्यात नक्की आहे. जो स्वतःच्या बचतीतून चार-पाच वर्षांत संचाचा खर्च वसूल करू शकतो, त्याला कर्जाची सोय पुरे. स्वस्त दरातल्या ग्राहकाची बचतच थोडी असल्याने त्याचा खर्च वर्षानुवर्षे वसूल होत नाही. बाजार त्याच्या दाराशी कधीच येणार नाही, आणि म्हणून सार्वजनिक पैशाची खरी जागा तिथे आहे.

दुसरा आक्षेप ‘फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही’ असा असतो. मला तो अर्धवट वाटतो. किंमत राहत नाही ती बहुधा वस्तू बिघडल्यावर विचारायला कोणी नसते म्हणून. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी मिळाली, पण पुढचा सिलिंडर भरायला पैसे नसल्याने कित्येक घरांत चूल पुन्हा पेटली. २०१७ च्या सौभाग्य योजनेने घरोघर वीजजोडणी नेली, पण थकलेल्या बिलापायी तोडलेली जोडणी पुन्हा लागेपर्यंत ते घर अंधारातच राहिले. सौर संचाच्या बाबतीत हेच होऊ द्यायचे नसेल तर देखभालीचा खर्च पहिल्या दिवसापासून योजनेत धरावा लागेल. पॅनेल २५ वर्षे चालते, पण इन्व्हर्टर साधारण दहा वर्षांत बदलावा लागतो, आणि पुरवठादाराची देखभालीची जबाबदारी पाच वर्षांनी संपते. सहाव्या वर्षी इन्व्हर्टर बंद पडला तर महिन्याला काही शे रुपये वाचवणारे कुटुंब एकरकमी हजारो रुपये कुठून आणणार?

सोलापूरच्या हवेचाही यात वाटा आहे. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पेशींचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते, आणि मे महिन्याच्या दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे तापतो. त्यावर धूळ बसते. पॅनेल धुवायला पाणी लागते, आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तिथे पिण्याच्या घागरीतून पॅनेल धुवा, असे कोणत्या तोंडाने सांगणार? सामाईक प्रकल्पात हे काम एका जागी, कमी पाण्यात, पगारी माणसांकडून होऊ शकते. आयटीआयमधून वीजतंत्री होऊन पुण्याची वाट धरणाऱ्या आपल्या मुलांना आणि विडीचे काम घटत चालल्याने रिकाम्या बसलेल्या बायकांच्या बचत गटांना हे काम देता येईल. त्यासाठी फार मोठ्या प्रशिक्षणाची गरज नाही, करार मात्र दीर्घ मुदतीचा हवा.

लोकांना आधीच सांगायला हवी अशी आणखी एक गोष्ट आहे. ग्रिडला जोडलेला साधा संच वीज गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. बॅटरी नसेल तर छपरावर पॅनेल असूनही घरात अंधारच राहतो. स्थिर आकारही बिलात येत राहतो. हे न सांगता ‘आता बिल शून्य’ असे फलक लावले, तर पहिल्याच भारनियमनात लोकांचा विश्वास उडेल.

सोलापूरकरांना ऊर्जानिर्मिती परकी नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. त्याचा कोळसा रेल्वेने दुरून येतो आणि पाणी उजनीचे जाते. वीज देशासाठी लागते, आणि ती कुठेतरी तयार व्हावीच लागणार, हे मला मान्य आहे. पण ज्या जिल्ह्याने जमीन दिली, पाणी दिले आणि धूर सोसला, त्या जिल्ह्यातल्या कष्टकऱ्याला रात्रभर पंखा लावता येईल एवढा वाटा मागणे अवाजवी नाही.

म्हणून सुरुवात लहान पण नेमकी असावी. महापालिका, बाजार समिती आणि महावितरण यांनी मिळून सार्वजनिक शेडच्या छपरांवर एक मेगावॅट उभारावा. त्यातले हजार वाटे काढताना छप्पर असलेल्यांना मागे ठेवून भाडेकरू, पत्र्याची घरे आणि स्वतंत्र मीटर नसलेल्या खोल्या यांचा विचार आधी करावा. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांना स्वतःच्या नावाचे मीटर देणे हा प्रकल्पाचाच भाग मानावा, आणि त्यासाठी राहत्या जागेचा पुरावा म्हणून रेशनकार्ड व आधार पुरेसे धरावे. वाटा जागेला बांधलेला नसावा. भाडेकरूने अशोक चौकातली खोली सोडून विडी घरकुलात खोली घेतली तर तो त्याच्या नव्या मीटरवर त्याच्यासोबत जावा. आणि हे सारे पुढच्या चैत्रापूर्वी व्हावे, कारण ज्यांना अंगणात गोधडी टाकून झोपावे लागते त्यांच्यासाठी आणखी एक उन्हाळा लवकरच उभा राहणार आहे.